चार बोटं जागा

बाळासोनं नव्या खोलीच्या भिंतीवर तळहात दाबला आणि तोच ओला हात मीरासाब गवंड्याच्या तोंडापुढं धरला.

"बघ मिस्त्री, ही तुझी कोरडी खोली! इटा खाल्ल्यास आन माझ्या आईला पाण्यात निजवलीस."

दारात चार शेजारी जमले होते. राधानगरीच्या पावसात माणसाला दुसरं काम तरी काय असतं? खाटेवर धोंडुबाई बसली होती. दम्यानं तिची छाती वाजत होती आणि पायाशी गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. ओलीनं दमा वाढतो म्हणून दुपारच्या एसटीनं तिला कबनूरला, लेकीकडं धाडायचं ठरलं होतं. लेकीच्या घरात चार माग, दिवसभर कापसाची धूळ. तिथं आपण गणपतीपर्यंतसुद्धा जगणार नाही, हे म्हातारीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर उन्हाळ्यात लेकाच्या हातापाया पडून तिनं मागच्या अंगाला ही खोली काढायला लावली होती.

"इटा खायाला मी काय उंदीर हाय?" मीरासाब तडकला. "भिंती दोन हाईत. मधी चार बोटं जागा सोडलीया. भायेरची भिंत भिजली तरी पाणी मधल्या मधी उतरतंय आन खालच्या भोकातनं भायेर जातंय. आतल्या भिंतीला थेंब लागत न्हाय. धरणावरच्या सायबाचा बंगला ह्याच हातानं बांधलाय मी."

"मग हे काय, घाम आलाय व्हय भिंतीला?"

मीरासाब पावसात बाहेर गेला, वाकून भोकं बघून आला. एकातूनही पाणी येत नव्हतं. त्याला नवल वाटलं. त्यानं छिन्नी-हातोडा काढला आणि आतल्या भिंतीची एक वीट सोडवली.

विटेमागून काळं, कुजलेलं, ओलं तूस भसाभसा खाली आलं. खोलीभर आंबूस वास सुटला. तुसात चुकून राहिलेल्या भाताला पांढरे कोंब फुटले होते.

मग दारातला गुंडू गिरणीवाला पुढं आला आणि त्यानं चिमूटभर तूस उचललं.

"आयला बाळासो, हे माझ्या गिरणीतलं की! म्हशीखाली टाकायला म्हणून सात पोती नेलतीस न्हवं?"

बाळासोची मान खाली गेली. "चावडीपुढं सगळी हसत हुती," तो पुटपुटला. "'बाळासोची भिंत पोकळ' म्हणून. माळ्यावर चढून वरनं भरलं. म्हटलं, आईला ऊबबी मिळंल."

पोकळ! गावात माणसाला म्हणा नाहीतर भिंतीला, अर्थ एकच. त्या एका शब्दापायी सात पोती तूस भिंतीच्या पोटात गेलं होतं, बाहेरचं पाणी पिऊन आत आणत होतं.

मीरासाबला मात्र हायसं वाटलं. "मग काय बी बिघडल्यालं न्हाय! दोन दिवसांत समदं काढतो. खोलीत शेगडी ठेवा, पंधरा दिवसांत भिंत वाळती का न्हाय बघा. आक्का, सोड गाठोडं!"

धोंडुबाईचे हात लगेच गाठीकडं गेले.

तेवढ्यात गुंडू फिस्सकन हसला. "म्हस ऱ्हायली भायेर, भिंतीलाच गादी घातलीस की रं!"

दारातली सगळी खदाखदा हसली. बाळासोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"इट बसव," तो म्हणाला.

"अरं, तूस काढल्याबिगर कसं..."

"न्हाय काढायचं! दोन दिवस घमेली वाहून गावाला तमाशा दावू व्हय? माझं घर हाय. बसव म्हटलं की! आई, चल. एसटी चुकंल."

मीरासाब वीट हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्यानं आक्काकडं बघितलं. धोंडुबाईनं अर्धी सुटलेली गाठ पुन्हा आवळली, भिंतीला धरून उठली. बोलायला तिला दोनदा दम घ्यावा लागला.

"बसव बाबा, मीरा. चांगली दाबून बसव. माझ्या लेकाची भिंत पोकळ दिसाय नगं."