बेगचा दावा

"मी हे सगळं परत मागतो," सुंगुर बेग म्हणाला, आणि काजीच्या अंगणाच्या दारात दाटलेले लोक खुशीत हसले.

हसण्यासारखंच होतं. लिम नदीच्या काठावर पूल, हमाम, सराई, मशीद, अन्नछत्र, गिरणी असं जे काही उभं होतं, ते सगळं सरहद्दीच्या या म्हाताऱ्या सुभेदारानं बांधलेलं. आज सकाळी त्यानं ते देवाच्या नावानं देऊन टाकलं होतं. पण नुसतं दिल्यानं दान पक्कं होत नाही. देणाऱ्यानं काजीपुढे येऊन ते एकदा परत मागायचं, काजीनं नाही म्हणायचं, मग ते कायमचं सुटतं. पुढे खुद्द सुलतानालाही त्याला हात लावता येत नाही. रीतच तशी. लटका दावा, लटकं भांडण, मग सरबत.

काजी शेम्सी एफेंदी नवा होता, दाढीही नवीच. नकाराचं वाक्य त्यानं पहाटेपासून घोकून ठेवलं होतं. ते म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

"थांबा, एफेंदी. माझं बोलून झालेलं नाही," बेग म्हणाला. "पूल राहू दे. मशीद राहू दे. गिरणी मात्र मला हवी."

लोक पुन्हा हसले. "काय सोंग वठवलंय बेगनी!" मागून कुणीतरी म्हणालं. दानाची व्यवस्था आजपासून ज्याच्याकडे आली होती, तो मुतवल्ली नासुह गालातल्या गालात हसत पुढे झाला. "पुरे आता, बेग. सरबत कोमट व्हायला लागलं."

"तू गप्प बस, नासुह."

हसणं जागच्या जागी थिजलं.

"माझी लेक स्कोप्येला असते," बेग काजीला म्हणाला. "तिचा नवरा लढाईत गेला. पदरात पोरं आहेत. मला हंगेरीच्या आघाडीवर जायचा हुकूम आलाय, आणि तिथून माझ्या वयाचा माणूस परत येत नसतो. सगळ्या जगाला वाटत सुटलो आणि पोटच्या पोरीला विसरलो. गिरणी तिच्या नावे करून द्या. एवढंच मागतो."

हे सोंग नव्हतं. म्हाताऱ्याचा आवाज कापत होता, आणि हात नेहमीच्या सवयीनं तलवारीच्या मुठीवर गेला होता.

काजीनं घोकलेलं वाक्य या प्रसंगासाठी नव्हतंच. गिरणीच्या उत्पन्नावर अन्नछत्राचा हंडा चढत होता, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हंड्यापायी व्यापाऱ्यांचे तांडे इथे मुक्काम करत, तांड्यांपायी नालबंद आणि बेकरीवाले येऊन वसले होते. गिरणी गेली की हंडा थंडावणार, आणि मग या दरीत पूर्वीसारखे लांडगेच नांदणार. पण काजीला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. सरहद्दीवर काजी घोड्यावरून पडून मरतात, आणि घोड्याला कुणी जाब विचारत नाही.

"याआधीचे काजी मला कधी नाही म्हणाले नाहीत," बेग हळू आवाजात म्हणाला.

काजीनं दाराकडे पाहिलं. एकजण त्याच्या नजरेला नजर देईल तर शपथ. सगळे आपापले जोडे न्याहाळत होते.

"बेग, गिरणी तुमची नाही."

"मग कुणाची?"

"आता कुणाचीच नाही. म्हणून तर ती सगळ्यांच्या पोटाला घालेल. लेकीसाठी तुमचे घोडे विका, अंगावरची तलवार विका. तुमचं जे उरलंय ते सगळं तिला द्या." त्याचा आवाज चिरकला, पण तो थांबला नाही. "गिरणी मिळणार नाही. दावा फेटाळला."

बेगचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही. मग त्यानं छातीवर हात ठेवून मान झुकवली आणि तो दाराकडे वळला. सरबताची कुणालाच आठवण राहिली नव्हती.

आपण धीटपणा केला असं काही काजीच्या मनात आलं नाही. त्याला नुसता अचंबा वाटत होता. ज्याच्या एका इशाऱ्यावर घोडदळ नदी ओलांडायचं, तो माणूस काजीच्या तोंडच्या शब्दानं रिकाम्या हातानं निघाला होता. पूल, मिनार, हमामचे घुमट सकाळी होते तिथेच होते. पण हे गाव आहे, असं त्याला आत्ता पहिल्यांदा वाटलं.

"जरा थांबा."

डोंगरावरच्या वाडीतली स्टाना गर्दीतून वाट काढत पुढे आली. काळी ओढणी घेतलेली ती ख्रिस्ती विधवा. या अंगणात तिनं आजवर पाऊल टाकलं नव्हतं.

"एफेंदी, मलापण दावा लावायचाय. सराईच्या छपरासाठी माझी अक्रोडाची झाडं तोडून नेली. माझ्या सासऱ्यानं लावलेली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

"अगं ए, डोकं फिरलं का तुझं?" नासुह दबक्या आवाजात खेकसला. "चल, घरी जा."

"दावा कुणावर, बाई?" काजीनं विचारलं.

"कुणावर म्हणजे? ह्यांच्यावर." तिनं सरळ बेगच्या पाठीकडे बोट दाखवलं.

बेग उंबऱ्यात थबकला. लोक आपसूक दोन्ही बाजूंना सरले. तो वळला, सावकाश चालत परत आला. कमरेची तलवार सोडून त्यानं नासुहच्या हातात दिली, आणि प्रतिवादीनं बसायचं त्या जागी, उघड्या चटईवर, गुडघे टेकले. मग थोडं सरकून त्यानं शेजारी जागा केली.

"बसा, बाई," तो म्हणाला. "कुठली झाडं, ते नीट सांगा एफेंदींना."