तळाचा लेयर

“ही भुवईवरची खूण काढ बरं आधी,” गिऱ्हाईक म्हणून आलेल्या मावशी स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाल्या.

खोडरबरने माऊस थांबवला. फोटो दुरुस्त करणाऱ्या या बाईला स्टुडिओत सगळे खोडरबरच म्हणत. लोकांच्या पुटकुळ्या, सुरकुत्या, दुहेरी हनुवट्या पुसता पुसता तिला ते नाव चिकटलं होतं. पण आजचं काम निराळं होतं. स्क्रीनवर ठळक अक्षरांत ‘हरवली आहे’ लिहिलेलं होतं, खाली मावशींच्या जावयाचा फोन नंबर, आणि मधे मावशींची मुलगी.

“मावशी, उलट खुणेवरूनच लोक पटकन ओळखतात.”

“अगं, ती खूण केव्हाच गेली. जुना फोटो आहे हा.”

खोडरबरने फोटो मोठा करून पाहिला. फोटो मागच्याच महिन्यातला आहे, हे जावयाने आल्या आल्या सांगितलं होतं. जिन्यावरून पडली, टाके पडले, त्याची ती खूण. त्याची दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. सासूला त्याने हात धरून खुर्चीत बसवलं, “आई, तुम्ही सांगा यांना नीट, मी एक फोन करून येतो,” म्हणाला, आणि आता काचेच्या दाराबाहेर येरझाऱ्या घालत फोनवर बोलत होता.

खोडरबरने नवा लेयर घेतला आणि खूण पुसली.

“नाक जरा बारीक कर. आणि गाल एवढे भरलेले नाहीत तिचे.”

“एवढे बदल? फोटोच बिघडेल हो.”

“बिघडला तर?”

“तशी भीती नाही म्हणा. मूळ फोटोला मी हातच लावत नाही. तो तळाच्या लेयरवर. त्याच्यावर पारदर्शक कागद ठेवावेत तसे हे बाकीचे लेयर. बाजूच्या यादीत हा छोटा डोळा दिसतोय? तो बंद केला की वरचा कागद गायब, खालचा चेहरा जसाच्या तसा.”

मावशी त्या डोळ्याकडे बघत राहिल्या. “मग तो तळाचाच पुसून टाक ना.”

“छे! मूळ कधी पुसायचं नसतं, मावशी.”

तासाभरात मुलीचं नाक बदललं, गाल बसले, केस कपाळावर आले. समोर कुणीतरी भलतीच बाई तयार झाली. म्हाताऱ्या जिवाने धसका घेतलाय, खोडरबरला वाटलं. पोरगी सासरी जायच्या आधी जशी होती, तशीच डोळ्यांपुढे असणार.

“अगदी हुबेहूब,” मावशी म्हणाल्या. त्यांनी काचेच्या दाराबाहेर एकदा बघून घेतलं.

जावई आत आला. “झालं का, आई?”

“झालं. छान झालंय.”

तो वाकून बघणार तेवढ्यात त्याचा फोन पुन्हा वाजला. “संध्याकाळी पोस्टर घ्यायला मीच येतो, ताई,” म्हणत तो दाराकडे वळला. मावशी मागे रेंगाळल्या. आपला नंबर सांगून हळूच म्हणाल्या, “काही अडलं तर मला विचार, पोरी. त्यांना नको त्रास.”

दोघं गेल्यावर खोडरबरला तिचा मामा आठवला. तोही असाच घरातून निघून गेला होता. घरच्यांनी त्याचा तरुणपणीचा, सूटबुटातला फोटो छापला. मामा दोन गल्ल्या सोडून एका गॅरेजच्या पायरीवर बसायचा. येणारे-जाणारे पोस्टरही बघत आणि त्यालाही, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा उशीर झाला होता.

तिने मावशींची फाइल वेगळ्या नावाने सेव्ह केली. कधी दाखवायची वेळ आली तर असावी म्हणून. मग वरच्या लेयरचा एकेक डोळा बंद केला. केस मागे गेले, गाल भरले, नाक जागेवर आलं. शेवटी भुवईवरची खूण उमटली. आता ही सापडेल, तिने स्वतःला सांगितलं, आणि प्रिंट दिली.

संध्याकाळी जावयाने गठ्ठा गाडीत टाकला आणि तसाच बाहेरगावी निघाला. आसपासची एकही वस्ती सोडणार नाही, म्हणाला.

पुढचे दोन दिवस खोडरबरचं कामात लक्ष लागेना. म्हाताऱ्या बाईला आपण फसवलं ही टोचणी होतीच. तिसऱ्या दिवशी दुपारी जावयाचा फोन आला.

“ताई, उपकार झाले तुमचे! शिवणाच्या एका कारखान्यात आहे ती. नाव बदलून राहतेय. तिथे काम करणाऱ्या एका बाईने खुणेवरून ओळखली. निघालोच आहे मी. आईंना एवढ्यात कळवू नका हं, मी घेऊनच येतो तिला.”

खोडरबरला रडू फुटलं. कळवू नका म्हणे! आईच्या जिवाला तोवर घोर कशाला? तिने सरळ मावशींचा नंबर लावला.

“मावशी, रागावू नका. मी तुमचं ऐकलं नाही. वरचे लेयर बंद करून मूळचाच चेहरा छापला मी. पण सापडली हो तुमची मुलगी! शिवणाच्या कारखान्यात आहे.”

पलीकडे दाराची कडी लावल्याचा आवाज आला.

“मावशी? ऐकताय ना?”

“माझ्या मैत्रिणीचा कारखाना आहे तो. मीच लपवलंय तिला तिथे, त्याच्यापासून,” मावशी म्हणाल्या. “तो निघून किती वेळ झाला?”