समोरचं कुलूप

भाईंदर स्टेशनबाहेर राघोचं हॉटेल आणि त्याच्या अगदी समोर व्हिन्सेंटचं. राघोचा भजी तळणारा आचारी व्हिन्सेंटने पळवला, तेव्हापासून बोलणं तर सोडाच, दोघं एकमेकांच्या दाराकडे मान वळवूनही बघत नसत.

एकाहत्तर सालच्या एका रविवारी राघोने दारात फळा लावला. ‘आजचा सगळा गल्ला लहान मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला.’ गिऱ्हाईक येतंय की आपलं हसं होतंय, या धास्तीने त्याला धड झोप लागली नव्हती. पण नऊच्या सुमारास बघतो तर बसायला बाकं पुरेनात. समोर मात्र भलंमोठं कुलूप.

“बघ, पोटात दुखलं त्याच्या,” राघो बायकोला म्हणाला. “चांगलं काम बघवत नाही माणसाला.”

आनंदीने कढईतली भजी उलटवली. “त्याचंच गिऱ्हाईक आपल्याकडे येऊन बसलंय, ते बघा आधी.”

राघोने बघितलं, तर खरंच. मुर्ध्याच्या मिठागरातला महिपत, जन्मात कधी ही पायरी न चढलेला, बशीतल्या चहावर फुंकर मारत होता.

“काय महिपत, आज इकडे कशी वाट चुकलास?”

“चुकतोय कुठला. व्हिन्सेंटशेट सकाळधरनं रेल्वे फाटकाशी उभे हायत. येईल त्याला एकच सांगतात…”

महिपतने उरलेला चहा कसाबसा घशाखाली उतरवला.

“…आज राघोकडे जा. चहा पाणचट हाय, पण पोरांसाठी एक दिवस गोड मानून घ्या.”