करंगळी

"अगं, चौदा वर्षांची झाली ती. घरात कोंडून किती दिवस शिकवणार आहेस?"

"कोंडलेली ती शाळेत होती!" आईने पोळी तव्यावर आपटली. दोन वर्षांपूर्वी लेकीला शाळेतून तिनेच काढलं होतं. तेव्हापासून सगळे विषय तीच शिकवत होती, सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत. "इथे माझी पोर मोकळी आहे."

"मग तिलाच विचारू." बाबा वळले. "उद्यापासून शाळा सुरू होतेय. जायचंय का, सांग गं शाल्मली."

टेबलाशी गणित सोडवत बसलेली शाल्मली उठून उभी राहिली. तिने आईकडे पाहिलं आणि करंगळी वर केली.

बाबा खो खो हसले. मग हसता हसता —

थांबले.

बाथरूम समोर होतं. दार उघडं होतं. आणि स्वतःच्या घरात पोर परवानगीसाठी ताटकळत उभी होती.

आई तव्यापासून वळली. "जा... अगं, जा ना!"

शाल्मली पळाली. उलथनं धरून आई तशीच उभी.

"पाठवू या तिला," ती अखेर म्हणाली. "शाळा निदान पाच वाजता सुटते."