तीन आठवड्यांची सोबत

थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या पत्राला मी चार महिने उत्तर दिलं नव्हतं. कर्करोगामुळे माझं नाक काढावं लागलं, तेव्हापासून मी घरात एकटा असतानाही मास्क लावत होतो आणि आवाज गेंगाणा झाला म्हणून फोन उचलत नव्हतो. शेवटी तिने चाकणजवळच्या गावाहून, आपल्या बोलीत, सुनेकडून लिहून घेतलं होतं: "ल्हानपणी तुझं नाक मीच पुसत व्हते. माझ्यापुढं कसली लाज? मी यिऊ का?" उत्तराचे पाच मसुदे मी लिहिले आणि भाषा खोटी वाटली म्हणून फाडले. आज पिंपरीच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी दोन मार्ग सांगितले. चष्म्याला जोडलेलं सिलिकॉनचं नाक रोज लावायचं आणि रोज काढायचं. किंवा कपाळाची कातडी खाली वळवून नाक करायचं, पण मग तीन आठवडे कपाळापासून नाकापर्यंत कातडीचा पट्टा तसाच राहणार. मी दुसरा मार्ग निवडला. "तेवढे दिवस घरात सोबत कोण?" त्यांनी विचारलं. "पुस्तकं आहेत," मी म्हणालो. "पुस्तकं ड्रेसिंग बदलत नाहीत, काका. माणूस सांगा, मग तारीख देते." संत तुकाराम नगरच्या पोस्टात मी आंतरदेशीय पत्र मागितलं. ते संपलं होतं. पोस्टकार्ड होतं, म्हणजे पोस्टमनपासून सुनेपर्यंत सगळे वाचणार. मी तिथेच उभ्याने लिहिलं, "आक्का, नाकाचं ऑपरेशन आहे. एकट्याला भीती वाटते. ये." आणि दुसऱ्यांदा न वाचता कार्ड पेटीत टाकलं.