ओल्यावर ओला रंग

शिंप्याने काढलेला डोंगर पुन्हा चिखलात बुडाला.

“खालचा पांढऱ्या रंगाचा हात जाड बसलाय,” सर म्हणाले. त्यांनी कॅनव्हासच्या कडेला नुसतं बोट लावलं होतं. “ओल्यावर ओला रंग चढवायचा, तर खालचा थर पातळ हवा. नाहीतर सगळी खिचडी होते.”

वर्गात खसखस पिकली. शिंपी मान खाली घालून कुंचला पुसत राहिला. त्याला कुठे निसर्गचित्रं काढायची होती? तो आला होता बायकोवर नजर ठेवायला. ती इथे त्याच्या आधीपासून शिकत होती आणि अलीकडे सरांची सावलीच झाली होती. सरांचे रंग ती मांडायची. कुणाचं चित्र समोर आलं की आधी ती सरांच्या कानाला लागायची, मग सर शेरा द्यायचे. जिना उतरताना तर सरांचा हात खुशाल तिच्या खांद्यावर. शिंप्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

“काय सारखी कुजबुजत असतेस गं?” एकदा जेवताना त्याने विचारलंच.

“चित्रांबद्दल.”

“मग मोठ्याने बोलावं.”

“नाही बोलता येत,” ती म्हणाली. “माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?”

शिंपी पाणी प्यायला. आहे, असं छातीठोकपणे म्हणायला त्याची जीभ रेटेना. बायको हातची जाणार, या भीतीने त्याला घास गोड लागत नव्हता.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या घरची मंडळी आली. त्यांच्यासमोर सर एका बैठकीत अख्खं चित्र रंगवून दाखवणार होते. ते पाहूनच पुढच्या वर्गाला विद्यार्थी यायचे. बायकोने लांब काचेवर नेहमीसारखे रंग ओळीने मांडले. डाव्या टोकाला निळा, उजव्या टोकाला तपकिरी. मग ती पाहुण्यांना बसवायला गेली.

शिंप्याने इकडेतिकडे पाहिलं आणि काच हळूच फिरवली. डावं टोक उजवीकडे गेलं. सर चारचौघांत हिच्यावर डाफरतील, ही फणकाऱ्याने घरी येईल, की मिटलं. एक घाव दोन तुकडे.

सर आले. पाहुण्यांना नमस्कार करून त्यांनी डावीकडच्या रंगात कुंचला बुडवला. आता ओरडतील, मग ओरडतील, म्हणून शिंपी कान टवकारून बसला. सर ओरडले नाहीत. कॅनव्हासच्या वरच्या अर्ध्या भागात त्यांचा हात झोकात फिरत राहिला आणि गढूळ तपकिरी रंग या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरला. पाहुण्यांची चुळबुळ थांबली. मागून बायको खुर्च्यांमधून घाईघाईने पुढे येत होती, ती मध्येच खिळून उभी राहिली.

सर मंडळींकडे वळले. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

“बघा,” ते म्हणाले, “आकाश कसं निळंशार उतरलंय.”