एकतारी पाक

डब्याचं झाकण तिसऱ्यांदा उडालं आणि रम तात्यांच्या सदऱ्यावर आली. सव्वातीन वाजले होते. चारला त्यांचा मुलगा निमिष येणार होता.

"अहो, देवघराचं दार तरी लोटून घ्या," पद्माबाई बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या. "म्हणे गुडघ्याला चोळायला!"

तात्यांनी दार लोटून घेतलं. ही थाप त्यांना स्वतःला सुचलीच नसती. शेजारचे हंबीरराव सुभेदार, त्यांच्याकडे मिलिटरी कँटीनची रम असते हे वाईच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी त्यांच्या दारापर्यंत जाऊन तात्या दोनदा परतले. तिसऱ्यांदा सुभेदारांनीच हाक मारली. "आवं तात्या, तुमास्नी कशाला हवी? गुडघ्याला चोळाय व्हय?" तात्यांनी मान हलवली. "मग न्या की! लय बेस हाय. गुडघं पळाय लागतील!" बाटली कोथिंबिरीच्या जुडीखाली लपून घरी आली.

तात्यांचं आयुष्य वाचनालयाच्या टेबलामागं गेलं होतं. म्हणून त्यांनी कृती फोनवर शोधली, वहीत उतरवून घेतली आणि खाली दोन रेघा मारल्या. डायकिरी नावाचं कॉकटेल. दोन भाग रम, एक भाग लिंबाचा रस, पाऊण भाग साखरेचा पाक. बर्फ घालून हलवायचं आणि गाळायचं. नवख्यालाही जमेल, असं लिहिलेलं होतं. मापाला खोकल्याच्या औषधाचं टोपण होतं, गाळायला चहाची गाळणी. पाक त्यांनी बोटांत तार धरून, बघून बघून केला होता. चाखून पाहायचा प्रश्नच नव्हता. जन्मात ते दारूला शिवले नव्हते.

सहा वर्षांपूर्वी श्रद्धाच्या साखरपुड्याला, भरल्या बैठकीत निमिषनं बहिणीच्या सासरच्यांना सांगितलं होतं, गोव्यातल्या हॉटेलात बारच्या काउंटरवर लागलोय. तात्यांना आवाज चढवायची सवय नव्हती. त्या दिवशी तो चढला. "दारू लागलेल्या तोंडाला या घरातलं पाणी लावू नकोस!" निमिष तेव्हा पाणीच पीत होता. त्यानं अर्धं फुलपात्र खाली ठेवलं आणि तो निघून गेला. त्यानंतर त्याचे फोन आले ते आईला. आज तो पुण्याला जाता जाता आईला पाच मिनिटं भेटणार होता. पाणीसुद्धा नको, असं त्यानं आधीच कळवलं होतं.

माफी मागणारी माणसं तात्यांनी पुस्तकांतून पुष्कळ पाहिली होती. स्वतःच्या जिभेवर मात्र शब्द येत नव्हता. तुझं काम मी हातानं करून पाहिलं, एवढं तरी या पेल्यानं सांगावं, असं त्यांना वाटत होतं. चौथ्यांदा त्यांनी झाकण दोन्ही तळव्यांनी घट्ट दाबलं.

चारला रिक्षा थांबली. निमिषच्या कानशिलावर पांढरे केस आले होते. त्यानं आईला वाकून नमस्कार केला, मग जरा थांबून तात्यांना. खुर्चीच्या कडेवर बसला. तात्यांनी आइस्क्रीमचा काचेचा पेला त्याच्यापुढं ठेवला.

निमिष पेल्याकडं बघतच राहिला. मग त्यानं तो उजेडात धरला. तळाशी साखरेचे गोळे बसले होते.

"तात्या, एकतारी पाक घातलात?"

"पाक असंच लिहिलं होतं."

"लाडू वळायचेत की काय?" निमिष म्हणाला आणि हसला. सहा वर्षांत त्या घरानं ते हसू ऐकलं नव्हतं. पद्माबाईंनी पदर तोंडाला लावला.

त्यानं पेला नाकाशी नेला. "लिंबू थोडं जास्त झालंय. बाकी माप बरोबर आहे." आणि पेला खाली ठेवून दिला.

"घे ना," तात्या म्हणाले. "माझी आता काही हरकत नाही."

"मी घेत नाही, तात्या."

"माझ्यासमोर लाजतोस?"

"कधीच घेतली नाही. एक थेंबसुद्धा नाही."

"मग चव कशी बघतोस?"

"बघत नाही. माप आणि वास, बस्स. आई नैवेद्य करते तसं."

तात्यांनी बायकोकडं पाहिलं, मग मुलाकडं. 

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"चारचौघांत तुमचं बोलणं खोटं पाडू?"

पेल्याबाहेरचं दव टिपॉयवर उतरलं. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. निमिषनं घड्याळाकडं पाहिलं.  तात्यांना थांब म्हणायचं होतं, ते ओठांशीच अडलं.

"तात्या," निमिष म्हणाला, "तेव्हाचं फुलपात्र अर्धंच राहिलं होतं. उरलेलं पाणी देता?"